गुडघाभर उतार

कल्याणच्या लोकांनी आमच्या ओव्हरसियरांना वेडं ठरवलं होतं आणि त्यासाठी दिलेली कारणं एकजात चुकीची होती. पायगाडीवर, म्हणजे सायकलवर, बसताना ते पागोटं काढून मागे बांधत आणि डोक्याला पंचा गुंडाळत, हे एक कारण. धोतर पोटऱ्यांपाशी सुतळीने आवळत, हे दुसरं. कोणाकडे सत्यनारायण असला तरी रविवारी प्रसादाला न थांबता शहापूरच्या रस्त्यावर चढ मोजायला जात, हे तिसरं. एवढ्यावरून माणूस वेडा ठरत असेल तर ठरो बापडा. त्यांचं खरं वेड काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यामुळे त्यांना भोवलं आणि मी तोंड मिटून उभा होतो. या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. माझा राग कमी झालेला नाही. आधी तो त्यांच्यावरच काढतो, ते सोपं आहे.

ते रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते आणि मी त्याच खात्याच्या ठाण्याच्या कचेरीत कारकून. प्लेग यायच्या आधीचे दिवस. साऱ्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतक्या सायकली, त्याही गोऱ्यांच्या. विलायतेला परत निघालेल्या एका डॉक्टराची सायकल ओव्हरसियरांनी घेतली, कल्याणच्या मैदानात आठ दिवस स्वतःला आपटून घेतलं आणि नवव्या दिवशी फुटलेल्या गुडघ्यांनिशी थेट भिवंडीला जाऊन आले. मी मॅट्रिक झालेला होतो. इंग्रजी बरं होतं आणि ते बरं आहे हे मी कोणाला विसरू देत नसे. ओव्हरसियर मला नावाने हाक मारतच नसत. 'काय मॅट्रिक' म्हणत, आणि त्यात कौतुक अजिबात नसे.

अंतर ही त्यांची दुखरी नस. रस्त्यावर कोणाला पुढचं गाव किती लांब म्हणून विचारावं तर लोक सांगतात, हे काय, हाकेवर. एकदा पडघ्याच्या पुढे एका पाटलाने त्यांना असंच सांगितलं. ओव्हरसियर सायकलवरून उतरले. खिशातलं घड्याळ काढून पाटलाच्या हातात दिलं, काटा इथे आला की हाक मारायची असं बजावलं, आणि पुढच्या गावाच्या वेशीवर जाऊन कान देऊन उभे राहिले. हाक अर्थातच ऐकू आली नाही. मग हा गृहस्थ सगळा चढ पुन्हा चढून मागे आला, पाटलाकडून घड्याळ घेतलं आणि त्याला भर उन्हात पाव तास झाडला. तुमच्या या हाकेपायी माणसं तहानेने मरतात, असं काहीतरी ते बोलले. पाटलाने मामलेदाराकडे तक्रार केली. मामलेदाराने आमच्या साहेबाला लिहिलं आणि साहेबाने ओव्हरसियरांना समज दिली. ओव्हरसियर कचेरीतून बाहेर येताना म्हणाले की पाटलाने हाक मारली तरी की नाही, तेवढं विचारायचं राहिलं.

रस्त्यावरचा दुसरा कोणी म्हणाला की तंबाखू मळून होईस्तोवर पोचाल, तर ते त्याला तंबाखू मळायला लावत. हे मी ऐकलेलं नाही, खात्यातल्या शिपायाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्यांचा एक प्रश्न असे, 'उतरून बघितलंस?' पूल ठीक आहे असं कोणी म्हटलं, मोरी तुंबली आहे असं कोणी कळवलं, की हा प्रश्न. सायकलवरून किंवा टांग्यातून पाहिलेलं त्यांना चालत नसे. उतरायचं, वाकायचं, हात लावायचा. एकदा घरी बायकोने सांगितलं की विहिरीचं पाणी फार खाली गेलंय, तर तिलाही त्यांनी हेच विचारलं. ती म्हणाली, उतरते, पोहरा तुम्ही धरा. त्या बाईंना नवऱ्याची भीती नव्हती. कचेरीत मात्र आम्ही सगळे टरकून असायचो, आणि मी सगळ्यांत जास्त, कारण मला चारचौघांत मूर्ख ठरण्याची भयंकर धास्ती होती.

कसाऱ्याच्या घाटाखाली एका ठाकराच्या झोपडीत ते नाचणीची भाकरी खाऊन आले, तेव्हा कल्याणात गहजब झाला. उपाध्ये प्रायश्चित्त घ्या म्हणून घरी आले. ओव्हरसियरांनी त्यांना बसवून विचारलं की नक्की कितव्या मैलावर बाटलो ते सांगा, म्हणजे तिथेच जाऊन घेतो. उपाध्ये उठून गेले. पुढे वर्षभर त्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. तेव्हा मी ठाण्यात बसून हसलो होतो. आता वाटतं की त्या वर्षभरात एखाद्या दिवशी मी त्यांच्या पंक्तीला जाऊन बसायला हवं होतं, पण तेवढी माझी छाती नव्हती.

आता वहीचं सांगतो. मुंबईच्या साहेबलोकांनी सायकलींचा एक क्लब काढला होता. सुट्टीत चार-सहा जण मिळून डोंगराच्या बाजूला दौडायला निघत. आमच्या मोठ्या साहेबाचे त्यात दोस्त होते. त्याने ओव्हरसियरांना सांगितलं की कल्याण, मुरबाड, खडवली, शहापूर, कसारा या मुलखातले सायकलीला जोगे रस्ते लिहून द्या, आपण छापू. एरवी साहेबाच्या हुकमाला आढेवेढे घेणारे ओव्हरसियर या कामावर लहान पोरासारखे तुटून पडले. दिवाळीपासून होळीपर्यंत एक रविवार घरी राहिले नाहीत. पाणी कुठे मिळतं, सावली कुठे आहे, कोणत्या गावचं कुत्रं मागे लागतं, कुठला पाटील खोटं बोलतो, सगळं लिहीत गेले. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, तरी वही मराठीत लिहिली. विचारलं तर म्हणाले, रस्त्यावर चुकलेल्या साहेबाला विचारायचंय मराठीतच, तर शब्द मराठीच असू देत. एवढं मात्र केलं की मोडीत न लिहिता बाळबोधीत लिहिलं, म्हणजे साहेबालाही वाचता यावं.

त्या वहीतली मापं त्यांची स्वतःची होती. मैल तर असतच, पण मैलाने सायकलवाल्याला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चढाचे प्रकार होते. एकदमी चढ म्हणजे एका दमात जाईल असा. ढोपरी चढ म्हणजे उतरून, एक हात गुडघ्यावर दाबत, सायकल ढकलत न्यायचा. पागोटंकाढू चढ म्हणजे ज्याच्या माथ्यावर पोचल्यावर कितीही अब्रूदार माणूस डोकं उघडं करून वारा घेतो तो. खाली जाणाऱ्या रस्त्यालाही नावं होती. शेंडीउडवी घसरण. फांदीची घसरण. ही दुसरी समजायला हवी. त्या काळच्या सायकलीची पेडलं चाकाबरोबर फिरतच राहत, पाय थांबवता येत नसे. लांब घसरणीवर लोक पाय उचलून पुढच्या दांड्याच्या खुंट्यांवर ठेवत आणि देवाचं नाव घेत. ओव्हरसियर देवाचं नाव घेत नसत. ऐनाची पानांसकट मोठी फांदी तोडायचे, सायकलीच्या मागे दोरीने बांधायचे आणि ती फरफटत, धुळीचा लोट उडवत कसाऱ्याचा घाट उतरायचे.

वहीचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. मी खूश होतो. शब्दकोश घेऊन बसलो आणि पहिल्याच दिवशी पागोटंकाढू चढापाशी अडलो. उठून विचारायला गेलो. ओव्हरसियर टेबलावर नकाशा पसरून उभे होते. सगळी कचेरी ऐकत होती. ते म्हणाले, "मॅट्रिक, हे कोशात नाही मिळायचं. बाहेर पड, चढून बघ, आणि डोकं असेल तर ते उघडं कर." कारकून खो खो हसले. मी लाल होऊन जागेवर आलो आणि त्या दिवसापासून काही विचारायचं नाही असं ठरवलं.

हा माझा त्यांच्यावरचा पहिला राग आहे आणि तो मी सोडणार नाही. जो माणूस उठता-बसता सगळ्यांना उतरून बघायला सांगतो, त्याने आपल्याला प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला असं परतवून लावायचं? मी विचारत राहिलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलेलं आहे, आणि ते खरंही आहे, निदान अर्धं.

वहीत एक आडवाट होती. मुरबाडहून मोठा रस्ता सोडून खडवलीच्या स्टेशनाकडे येणारी गाडीवाट. तिच्या वर्णनात वाक्य होतं: 'राईपुढे काळू नदी. उतार गुडघाभर. उजव्या अंगाने जावे.' मी वाचलं आणि हसलो. गुडघाभर उतार! चढाला ढोपर लावून झालं, आता उताराला गुडघा लावला, म्हातारा काही सोडत नाही. म्हणजे अगदी थोडा उतार असणार, गुडघ्याच्या उंचीइतका. मी इंग्रजीत लिहिलं की राईपुढे नदीच्या अंगाला मामुली घसरण आहे, उजवीकडून जावे. शेजारच्या कारकुनालाही ते वाक्य दाखवलं. तोही हसला. तोही ठाण्याचाच.

आम्ही ठाण्याची माणसं. आमच्याकडे खाडी. खाडी ओलांडायची ती पुलावरून, नाहीतर होडीत बसून. नदीत गाडी घालायची वेळ आमच्या बापजाद्यांवर आली नव्हती. नदी जिथे पायी किंवा गाडीने ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात, हे मुरबाडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी मॅट्रिक होतो, मला ठाऊक नव्हतं. आणि साऱ्या वहीत ओव्हरसियरांनी खाली जाणाऱ्या रस्त्याला एकदाही उतार म्हटलेलं नव्हतं. तिथे प्रत्येक वेळी घसरण. उतार हा शब्द वहीत तीनच ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी नदी होती. हे मला दिसायला हवं होतं. पुढे मी ते कितीतरी वेळा पाहिलं.

भाषांतर संपत आलं तेव्हा ओव्हरसियर माझ्या टेबलापाशी आले. रविवारी चल म्हणाले, खडवलीला उतरू, तिथून चालत काळूवर जाऊ, एक वाट तरी पायाखालून घाल. मला सायकल येत नव्हती आणि चालायची हौस नव्हती. शिवाय मुंबईहून नवे बूट आणले होते. मी सांगितलं की पडसं झालंय आणि रस्ता धुळीचा. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट काढूनच जावं लागतं तिथं," म्हणाले. मला वाटलं, घातला टोमणा. मी मान खाली घालून लिहायला लागलो. इंग्रजी प्रत त्यांच्या सहीसाठी गेली. त्यांनी ती न वाचता सही केली, कारण तेव्हा शहापूरकडे एक पूल खचला होता आणि ते घाईत होते.

छापण्याआधी क्लबवाल्यांनी हाताने लिहिलेल्या प्रती घेतल्या आणि पुढच्या थंडीत चौघे जण निघाले. मुरबाडला मुक्काम करून सकाळी ते आडवाटेने खडवलीकडे येत होते. सगळ्यांत पुढे एक कोवळा साहेब होता, विलायतेहून येऊन वर्षही झालेलं नव्हतं. राई संपली, रस्ता खाली वळला. मामुली घसरण असं कागदावर होतं. त्याने पाय उचलून खुंट्यांवर ठेवले. खाली पाण्यात एक आगरी गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. तो हात करून ओरडला, "पानी हाय फुरं, थांबा." पुढे पाणी आहे, हे त्या कोवळ्या साहेबाला कळलं नाही, त्याला मराठी येत नव्हतं. पाण्याला लागून दगडांची रास होती, सायकल त्यांच्यावर गेली. गाडीवानाने त्याला आपल्याच गाडीत घालून खडवलीला आणलं. मुंबईच्या इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

चौकशी मोठ्या साहेबाच्या खोलीत झाली. साहेब टेबलामागे, टेबलावर मराठी वही आणि इंग्रजी प्रत. ओव्हरसियर भिंतीपाशी उभे. त्यांना बसायला सांगितलेलं नव्हतं. गाडीवानाला बोलावलं होतं आणि त्याची जबानी इंग्रजीत सांगायचं काम माझं.

तोवर मला शपथेवर काही माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने काहीतरी गाळलं असणार, असंच मी धरून चाललो होतो. साहेबाने विचारलं, त्या जागी काय आहे? मी गाडीवानाला मराठीत विचारलं.

तो म्हणाला, "उतार हाय, सायब. माज्या बाच्या वक्तापासून उतारच हाय. बाकी समदा डोह. दुसरीकरं गारी घातली तं बुरंल."

दुसरीकडे गाडी घातली तर बुडेल. गुडघाभर म्हणजे काय, बूट काढावे लागतात म्हणजे काय, सगळं त्या एका क्षणात कळलं. साहेब माझ्याकडे पाहत होता. "काय म्हणतो?"

मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, तिथे घसरण आहे. त्याच्या बापाच्या वेळेपासून आहे." डोहाचं आणि बुडण्याचं मी सांगितलं नाही. वहीचं भाषांतर ही चूक होती. हे खोटं होतं, आणि ते मी जाणूनबुजून, स्वच्छ उच्चारात बोललो. ओव्हरसियर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या.

साहेबाने इंग्रजी प्रत त्यांच्यापुढे धरली. ही सही तुमची? ओव्हरसियरांनी कागद घेतला, खिडकीकडे वळून वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. बराच वेळ लागला. गाडीवान एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत सांगितलं की सही माझी आहे, कागद मी न वाचता पुढे जाऊ दिला, दोष माझा. साहेबाने आणखी काही आहे का विचारलं. नाही म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

महिन्याच्या आत त्यांना नोकरीवरून दूर केलं. कल्याणातले लोक म्हणाले, पायगाडीचं वेड असंच एक दिवस भोवणार होतं. उपाध्ये म्हणाले असतील, भाकरी भोवली. कोणाच्याही तोंडून खरं कारण निघालं नाही, कारण ते फक्त माझ्या तोंडात होतं.

मला झोप लागेना, जेवण जाईना, वगैरे काही झालं नाही. नीट जेवत होतो. पण राग येत होता, आणि तो त्यांचा येत होता. का नाही बोलला हा माणूस? वही समोर पडली होती. बोट ठेवून सांगायचं, हा पहा शब्द, हा पहा याचा अर्थ, आणि हा पहा तो गाढव. हाकेवर म्हणणाऱ्या पाटलाला पाव तास झाडतो, आणि मला एक शब्द नाही? एवढा मोठेपणा कोणी मागितला होता? शेवटी मी सगळं कागदावर लिहिलं, काय घडलं, शब्द कसा चुकला, जबानी कशी फिरवली, आणि एका रविवारी दुपारी तो कागद घेऊन कल्याणला गेलो. साहेबाला देण्याआधी त्यांना दाखवायचा होता. खरं सांगायचं तर त्यांनी मला फाडून खावं एवढ्यासाठीच गेलो होतो.

त्यांचं घर काळ्या तलावापाशी. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. ओव्हरसियर ओटीवर सायकल उलटी करून साखळीला तेल देत होते. त्यांनी हात पुसले, कागद वाचला, कानावरची पेन्सिल काढली आणि 'निष्काळजी'तला चुकीचा ह्रस्व-दीर्घ सुधारला. मग कागद माझ्याकडे दिला.

"कोणाला देणार हे?"

"साहेबांना."

"साहेबाला मराठी येतं, मॅट्रिक. खात्याची परीक्षा पास झालाय तो. चौकशीच्या आधी वही त्याने वाचली होती, पानात खूण होती. गाडीवान काय बोलला तेही त्याला कळलं." त्यांनी साखळी थोडी पुढे सरकवली. "मला तो काही विचारत नव्हता. दोघांतला कोणता देता, एवढंच त्याला हवं होतं."

मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी पायरीवर बसलो. विचारलं की मग त्यांनी स्वतःला का दिलं, माझं नाव का नाही घेतलं.

ते रागावले नाहीत. आवाजही चढला नाही. म्हणाले, "ते मी घ्यायचं नव्हतं. तुला तोंड होतं. इंग्रजी मला एकदा वाचून समजतं रे. दुसऱ्यांदा वाचत होतो तो तू बोलशील म्हणून."

ते तेल देत राहिले. मी उठून स्टेशनाकडे आलो.

सोमवारी कागद खिशात घालून साहेबाच्या खोलीत गेलो. मी तोंड उघडण्याआधीच त्याने वहीची प्रत पुढे केली. म्हणाला, क्लब हे पुस्तक छापतोय, नदीपाशी एक शब्द दुरुस्त करायला हवा, तू हुशार आहेस, तुला कोणता ते कळेल. हे म्हणताना तो माझ्याकडे सरळ पाहत होता. हा साहेबावरचा माझा राग. त्याने मला ओळखलं होतं आणि ओळखूनच ठेवून घेतलं होतं. असा कारकून खात्याला जन्मभर उपयोगी पडतो. मी म्हणालो, येस सर. जागेवर आलो, तिन्ही उतार शोधून काढले आणि तिन्ही ठिकाणी पायउताराची जागा, पाणी गुडघाभर, असं व्यवस्थित इंग्रजीत लिहिलं. खिशातला कागद घरी जाऊन चुलीत घातला.

पुढे मला बढत्या मिळत गेल्या. ओव्हरसियरांनी सायकल सोडली नाही, पण त्यांनी लिहिलेल्या रस्त्यांवर ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. ठाकुर्लीच्या बाजूला, खाडीच्या बांधावरून जाताना लोक पाहत. प्लेग आला तेव्हा सुरुवातीलाच गेले. मी त्यांच्या घरी गेलो नाही. कल्याणला जायला बंदी होती, हे सांगायला बरं पडलं.

पुस्तक छापून आलं ते माझ्याकडे आहे. लहानसं, निळ्या पुठ्ठ्याचं. पागोटंकाढू चढ त्यात नाही, ढोपरी चढ नाही, फांदीची घसरण नाही. ती मापं मीच इंग्रजीत आणू शकलो नव्हतो. वही कोणी लिहिली त्याचं नाव कुठेही नाही. पहिल्या पानावर क्लबाच्या चिटणीसाचे चार शब्द आहेत आणि त्यांत माझं नाव आहे, संपूर्ण, आडनावासकट. अचूक भाषांतराबद्दल माझे आभार मानले आहेत. माझी मुलं आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवतात आणि मी त्यांना आजवर दाखवू दिलं आहे.